आंघोळ किती वाजता?

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. तालुक्याच्या गावातील निवासी केंद्रात तुला काळजीवाहकाचे काम मिळाले, याचा आनंद झाला. मात्र पहिल्या आठवड्याचे वर्णन करताना 'चार नंबरच्या खाटेवरचे आजोबा फार त्रास देतात, सकाळी सातच्या आंघोळीला तयारच होत नाहीत' असे तू लिहिले आहेस, आणि माझे मन त्या एका वाक्यापाशीच अडले.

हे आजोबा कास्तकार होते, असे तूच पुढे लिहितोस. ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे चारला उठून बैलांना चारा घातला, उन्हे चढेपर्यंत पऱ्हाटीत राबून घरी आल्यावरच अंगावर पाणी घेतले, त्याला सकाळी सातची आंघोळ परकी वाटणारच. सातची वेळ आपल्या पाळ्यांच्या सोयीने ठरलेली असते. ती त्यांच्या अंगवळणी नाही, हा त्यांचा दोष नव्हे. त्यांची वेळ कोणती, हे त्यांना अजून कोणी विचारले आहे का?

माझीही एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे लकवा झालेल्या एक आजी होत्या. उजवा हात गेलेला होता, म्हणून त्या डाव्या हाताने जेवत. निम्मे अन्न सांडे आणि जेवणाला पाऊण तास लागे. मी चमच्याने दहा मिनिटांत भरवू लागले आणि आपण सेवा करतो आहोत, या समाधानात राहिले. तीनेक आठवड्यांनी त्यांची लेक भेटायला आली आणि तिने विचारले, "माय आता हातानं काऊन जेवत नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण तो डावा हात लकव्याने नव्हे, माझ्या घाईने थांबला होता. मग आम्ही खोलगट ताट घेतले, ते सरकू नये म्हणून खाली ओला फडका अंथरला, आणि भाकर वरणात कुस्करून दिली. हात पुन्हा तोंडापर्यंत यायला दोन महिने लागले. जे माणसाला स्वतःला जमते, ते त्याच्या हातून काढून घेण्याचा मोह आपल्या कामात सर्वांत मोठा असतो, आणि तो बहुधा मायेच्या रूपाने येतो.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी लिहिताना हेच दाखवून दिले. रुग्णाला घाई करणे, त्याला लहान मुलासारखे वागवणे, तो समोर असताना त्याला वगळून बोलणे, यांमुळे त्याचे माणूसपण झिजते. आणि असे वागणारे लोक सहसा दुष्ट नसतात, हेही त्याने आवर्जून नोंदवले.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण हवे असेल, तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केल्यानंतर, दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या गावातल्या झोपड्यांसारखा दवाखाना असावा आणि नातलगांना रुग्णाजवळ राहता यावे, असे लोकांनी सांगितले. दवाखाना तसाच उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले. तुझ्याकडेही उद्या मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंड माणूस येईल. त्याच्याशी मराठीतच, पण मोठ्या आवाजात बोलल्याने त्याला मराठी अधिक समजत नाही. त्याच्या भाषेतले पाणी, दुखणे, भूक, नको हे शब्द आधी शिकून घे.

कायदाही या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, म्हणजे पालकाने त्या व्यक्तीच्या जागी नव्हे, तर तिच्याशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार पुढे मानसिक आजारासाठी कोणते उपचार हवेत वा नकोत, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. तुमच्या कपाटातील केस पेपरवर मात्र बहुधा फक्त आजाराचे नाव असेल.

आता तुझा अवघड प्रश्न. गिळायला त्रास होणारा एक रुग्ण तंबाखू-सुपारीचा खर्रा मागतो. त्याचे ऐकायचे का? ऐकायचे याचा अर्थ देऊन टाकायचा असा नाही. ठसका लागून सुपारी श्वासनलिकेत जाईल, हे त्याला त्याच्याच शब्दांत सांग. त्याच्या मुलाला बाजूला घेऊन रुग्णाच्या माघारी ठरवू नकोस. डॉक्टर म्हणतील तो धोका आपण पत्करू नये, पण तो खर्रा कशासाठी मागतो, हे विचारल्याशिवाय नकारही देऊ नये. माझ्या अनुभवात असे मागणारी पुष्कळ माणसे खर्ऱ्यापेक्षा पारावरची संगत मागत असत. संध्याकाळी त्याची खुर्ची ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलता येईल अशी ठेवून पाहा. प्रत्येक वेळी हे साधतेच असे नाही.

आजोबांजवळ बसून एकदा विचार, आणि ते सकाळचे अकरा म्हणाले तर पाळीच्या प्रमुखांशी माझे नाव सांगून बोल. काय ठरले, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी