बाबांना उठवायचं की झोपू द्यायचं?

प्रश्न: माझे वडील ७८ वर्षांचे, न्यूमोनियासाठी ॲडमिट आहेत. ताप गेला, पण आठवडाभर बेडवरच आहेत. आधी रोज देवळापर्यंत चालत जायचे, आता उभं केलं की पाय थरथरतात. आई आणि आत्या म्हणतात आजारी माणसाला आराम करू दे, सिस्टर म्हणतात पडले तर काय. काय करू? – एक मुलगी, सातारा

उत्तर: ताई, पाय थरथरतायत ते नुसत्या न्यूमोनियाने नाही, पडून राहिल्यानेपण. साठीपुढच्या धडधाकट लोकांना एका अभ्यासात १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर पायातले साधारण एक किलो स्नायू गेले, आणि तुमचे बाबा तर आजारी आहेत. उलट स्पेनमधे पाम्प्लोनाच्या हॉस्पिटलमधे ७५च्या पुढचे ३७० पेशंट घेऊन बघितलं, त्यातल्या ज्यांच्याकडून रोज दोनदा व्यायाम करून घेतला ते डिस्चार्जच्या वेळी बाकीच्यांपेक्षा चांगले हिंडतेफिरते होते.

उद्या राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा, बाबांना खुर्चीत बसवू का, चालवू का, आणि लघवीची नळी असेल तर ती अजून लागतेच का? नळी बऱ्याचदा नुसती राहून जाते आणि पिशवी लटकत असली की माणूस उठायलाच नको म्हणतो.

हो म्हणाले तरी घाई नको. आधी पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसू दे, चक्कर येत नाही ना बघा, मग आधाराने उभं, मग खुर्ची. जेवण खुर्चीतच द्या, आणि जमायला लागलं की बाथरूमला चालत न्या. गुळगुळीत स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल द्या. चष्मा, कानाचं मशीन घरी राहिलं असेल तर आजच मागवा, नीट दिसत-ऐकू येत नसलं की म्हातारी माणसं चालायला घाबरतात आणि रात्री बरळायला पण लागतात.

सिस्टरची भीती खोटी नाही, त्यांना सगळा वॉर्ड बघायचा असतो, म्हणूनच आपल्याकडे पेशंटजवळ घरचं माणूस असतं त्याचा इथे खरा उपयोग आहे. पहिल्यांदा सिस्टर किंवा फिजिओ समोर असतानाच उठवा आणि कसं धरायचं ते शिकून घ्या. आईंना आणि आत्यांना घास भरवण्याऐवजी दर जेवणाला बाबांना खुर्चीत बसवायचं काम द्या. दम लागला, छातीत दुखलं, घाम फुटला तर लगेच बसवा आणि हाक मारा.

आणि घरी जिना असेल तर डिस्चार्जच्या आधी फिजिओंना तिथेच दोन-चार पायऱ्या चढवून बघायला सांगा.