परिषद, दांडी आणि सेंट अँड्र्यूज

प्रश्न : जूनमध्ये एडिंबराला सोमवार ते गुरुवार परिषद आहे. कंपनी मला आणि एका सहकाऱ्याला पाठवतेय, आमचे साहेबही आहेत. माझं सादरीकरण मंगळवारी दुपारी. बुधवारी पोट बिघडल्याचं सांगून दोघांनी सेंट अँड्र्यूजला ओल्ड कोर्स या प्रसिद्ध मैदानावर गोल्फ खेळून यावं, असा बेत आहे. हँडिकॅप (खेळातल्या कसबाचा आकडा, कमी तेवढा चांगला) माझा २२, त्याचा २६. की आदल्या रविवारीच उरकावं?
– एक वाचक, औंध

उत्तर : पोटाला यात ओढू नका. समुद्रकाठचं ऊन-वारा चार-पाच तास खाल्लेला चेहरा गुरुवारी नाश्त्याला साहेबांसमोर पोटदुखीचा दिसत नाही. पुण्यातूनच सांगा, ‘मंगळवारी माझं काम संपतंय, बुधवारी मी रजेवर.’ रीतसर अर्ज टाका. दिवस तुम्ही बरोबर निवडलाय. सोमवारी ओळखीपाळखी होतात आणि गुरुवारी समारोपाला साहेबलोक डोकी मोजतात. बुधवारी कोण कुठल्या दालनात आहे, कुणाला पत्ता नसतो. शिवाय स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसायचे. तेव्हा तुमचा बेत तिथल्या परंपरेला धरूनच आहे!

रविवारचं म्हणाल, तर ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद. गावकरी कुत्री घेऊन फिरतात. तुम्हीही खुशाल फिरा, मैदानातल्या स्विल्कन पुलावर फोटो काढा, पैसे पडत नाहीत.

बुधवारी ओल्ड कोर्सवर कोण खेळणार, यासाठी सोडत असते. त्यात किमान दोघं लागतात, ते तुम्ही आहातच. नाव दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत द्यायचं, म्हणजे सोमवारी जेवणाच्या सुट्टीत. हँडिकॅपचं प्रमाणपत्र तुमच्या गोल्फ क्लबकडून आधीच घेऊन ठेवा. तुमचे आकडे चालतील.

आता कडू भाग. जूनमध्ये सोडतीला झुंबड असते आणि नाव न लागण्याचीच शक्यता जास्त. म्हणून रजा सोडतीवर टांगू नका. शेजारचा न्यू कोर्स किंवा ज्युबिली आधीच आरक्षित करा. ओल्ड लागलाच तर आरक्षणाचं काय करायचं, तेही तेव्हाच विचारून ठेवा. ‘न्यू’ हे नाव १८९५ सालचं आहे, आखणी ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या गोल्फपटूची. माझं मत विचाराल तर बावीस हँडिकॅपवाल्याला तिथेच जास्त मजा येते. ओल्डवर अर्धा वेळ आपण कुठल्या झेंड्याकडे मारतोय हेच कळत नाही. तिथे सात ग्रीन (झेंडा रोवलेल्या होलभोवतीची हिरवळ) जोडीची आहेत, एकाच हिरवळीवर दोन होल. जाताना पांढरा झेंडा, येताना लाल, एवढं ध्यानात ठेवा.

येरवड्याच्या गोल्फ मैदानातल्या झाडांची सवय असेल, तर इथे झाड नावाला नाही. वारा अंगावर येतो, जमीन टणक, चेंडू उतरल्यावरही पळत राहतो. उंच मारायची हौस पुण्यात ठेवून या. किट भाड्यानं घ्या. एडिंबराहून सेंट अँड्र्यूजजवळच्या ल्यूकर्स स्टेशनपर्यंत रेल्वेनं साधारण तास, पुढे बस. त्यात आपली बॅग सांभाळणं म्हणजे हमाली.

साहेबांचा रुसवा काढायचा असेल, तर सोमवारी संध्याकाळी त्यांना ब्रंट्सफील्ड लिंक्सवर न्या. एडिंबरा शहरातच, छोट्या होलांचं मैदान, फी नाही. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सत्रं आटोपून निवांत खेळता येतं. जिंकू द्यायचं का, ते तुम्ही ठरवा.

बुधवारची ग्रीन फी (मैदानावर खेळायचे पैसे) आणि ल्यूकर्सचं तिकीट मात्र स्वतःच्या खिशातून. ‘स्थानिक प्रवास’ म्हणून बिलात घुसवू नका. लेखा विभागातही गोल्फ खेळणारं कुणीतरी असतं.