आपण कुठले, काय करता आणि कशाचा नाद आहे? एका दस्तलेखकाचे उत्तर

नव्याने मैत्री झालेल्या माणसाला सहज विचारावेत असे काही प्रश्न आपण येथे मांडले आहेत: आपण कुठले, पोटापाण्यासाठी काय करता, फावल्या वेळी कशात रमता, तो नाद कसा लागला, खाण्यात आणि फिरण्यात काय आवडते आणि करायचे काय राहून गेले आहे. माझ्या बाबतीत यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीकडे वळतात, त्यामुळे तिच्यावर जरा रेंगाळणार आहे; बाकीचे जाता जाता येईल.

मी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचा. निजामाच्या काळात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे घोडदळाची छावणी होती, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आणि जुन्या कागदांत ते नाव अजून भेटते. धंद्याने मी दस्तलेखक आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, इसारपावती, संमतिपत्र असे कागद पक्षकारांचे म्हणणे ऐकून लिहून द्यायचे, मुद्रांक किती लागेल ते सांगायचे आणि नोंदणीच्या दिवशी साक्षीदार वेळेवर येतील ना, या काळजीत सकाळ घालवायची, असा माझा दिनक्रम आहे.

नाद विचाराल तर मोडी लिपीतील जुने दस्त वाचण्याचा, आणि तो धंद्यातूनच लागला. जमिनीचा वाद निघाला की लोक घरातली पत्र्याची पेटी उघडतात आणि आजोबा-पणजोबांच्या वेळचे कागद फडक्यात बांधून घेऊन येतात. मालक माझ्या तोंडाकडे पाहतो, मी त्या कागदाकडे पाहतो आणि दोघांनाही काही उमगत नाही, ही अवस्था मला मनातून खटकू लागली. ज्याचा धंदाच दस्त लिहिण्याचा, त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्याच तालुक्यातला दस्त वाचता येऊ नये, हे काही बरे नव्हे. पुढे एका मोडी वर्गाला गेलो, बाराखडी गिरवली आणि हळूहळू नजर बसली.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. त्यामुळे अक्षर ओळखता येणे हा पहिला टप्पा झाला. शब्द कुठे संपतो हे ठरवणे ही खरी कसोटी. बोरू नुकताच दौतीत बुडवलेला असला की अक्षर ठसठशीत उमटते आणि शाई संपत आली की फिकट होत जाते. लिहिणारा कुठे थांबला आणि त्याने कुठून पुन्हा सुरुवात केली, हे त्यावरून कळते आणि काही वेळा शब्दही त्यावरूनच सुटतो.

आमच्या मराठवाड्यातील कागदांची आणखी एक अडचण आहे, ती पुण्याकडच्या दप्तरावर शिकलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन ही जुनी वर्षगणना अरबी शब्दांत लिहिलेली असते. आमच्याकडे निजामी फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, आणि त्याचे आजूर, दै, बहमन असे इराणी महिने येतात. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागे, म्हणून फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सालात सुरू झाले ते साल मिळते. उदाहरणार्थ, फसली १३४७ म्हणजे ऑक्टोबर १९३७ ते ऑक्टोबर १९३८. पैशाचेही तसेच. रुपये ‘हाली’ की ‘कलदार’ हे पाहिल्याशिवाय किंमत कळत नाही, कारण ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सहा कलदार रुपयांना साधारणपणे निजामाचे सात हाली रुपये पडत. शिवाय वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत आणि गावच्या कुलकर्ण्याचे लिहिणे मोडीत, त्यामुळे एकाच प्रकरणाचे निम्मे कागद एका लिपीत आणि निम्मे दुसऱ्या लिपीत सापडतात.

मला त्यात गोडी कसली वाटते, असे आपण पुढे विचारालच. एका वाटणीपत्राचे सांगतो. दोन भावांनी शेत वाटून घेतले, ते चार ओळींत संपते. पण विहीर आणि झाडे यांच्यासाठी लिहिणाऱ्याने पुढचे अख्खे पान खर्ची घातले आहे. मोटेच्या पाण्याची पाळी कोणाची कोणत्या वारी, मोट नादुरुस्त झाली तर नाडा आणि चामडे कोणी आणायचे, बांधावरच्या चिंचेचा पाला-फोक कोणाचा आणि चिंचा कोणाच्या, हे सगळे त्यात आहे. आंब्याच्या एका झाडापुढे नुसत्या दोन उभ्या रेघा ओढलेल्या आहेत. मोडीत एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. पण याच दोन रेघा शब्द तोडून लिहिल्याची खूण म्हणूनही येतात, त्यामुळे मी बराच वेळ तो एखादा संक्षेप समजून पुढचा शब्द शोधत बसलो होतो. शब्द नव्हताच, आंब्याचा अर्धा हिस्सा होता. आज आपण गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहून मोकळे होतो, आणि मग भाऊबंदकी बहुधा त्या न लिहिलेल्या झाडावरून आणि विहिरीवरूनच पेटते. तेव्हापासून वाटणीपत्र लिहिताना मी पक्षकारांना झाडे, विहीर, पाइपलाइन आणि वहिवाटीचा रस्ता यांविषयी कंटाळा येईपर्यंत विचारतो.

या नादाला एक पथ्यही आहे. मोडी वाचणाऱ्याकडे येणारा माणूस बहुधा उत्तर आधीच ठरवून आलेला असतो. काहींना पणजोबांनी पुरलेल्या हंड्यांचा पत्ता हवा असतो. त्यांच्या हाती बहुतेक वेळा सावकाराचे गहाणखत लागते आणि ते माझ्यावरच नाराज होऊन जातात. ते एक वेळ चालते. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या दिवसांत माझ्या टेबलाभोवती जी माणसे बसत, त्यांच्या दृष्टीने कागदातला एक शब्द म्हणजे मुलाचा प्रवेश किंवा नोकरी होती. “काका, एवढा एक शब्द निघतोय का बघा की,” असे कोणी हात जोडून म्हटले की नजरही नकळत तो शब्द शोधू लागते, आणि सावध राहायचे ते तेथेच. मी पूर्ण कागद वाचतो, लिप्यंतर ओळीस ओळ करतो आणि जे अक्षर लागत नाही तेथे टिंबे देतो. अंदाजाने भरलेले अक्षर नंतर खरे अक्षर म्हणूनच वाचले जाते, आणि आपल्या अंदाजावर दुसऱ्याचा हक्क उभा राहू नये किंवा बुडूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यामुळे काही माणसे दुरावली. त्याला इलाज नाही.

आता राहिलेले प्रश्न. खाण्यात ज्वारीची कडक भाकरी आणि येसराची आमटी, आणि वेळा अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, शेतात बसून भज्जी आणि आंबील. त्या दिवशी कचेरीत कोणीही भेटत नाही आणि मीही भेटत नाही. फिरण्यात मुकुंदराजांच्या समाधीचा परिसर; पावसाळ्यानंतर तेथील दरी हिरवी असते तेव्हा जावे, उन्हाळ्यात कोणी आग्रह केला तरी जाऊ नये.

करायचे राहून गेले आहे ते उर्दू. छापील उर्दू मी अडखळत वाचू लागलो आहे, परंतु निजामी कारकुनांचे घाईघाईचे, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेले ‘शिकस्ता’ वळण माझ्या आवाक्यात अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत पुष्कळशा फायलींचा अर्धा भाग मला मुकाच राहणार. जवळच एक निवृत्त शिक्षक आहेत, ते संध्याकाळी तासभर शिकवतात. त्याच्या बदल्यात मी त्यांना मोडी शिकवतो.

आपण स्वतः मराठवाड्यातले आहात किंवा नाही हे प्रश्नावरून कळले नाही. घरी असे कागद असतील तर ते प्लॅस्टिकमध्ये पक्के सीलबंद करू नका, फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका आणि दिवसाच्या उजेडात, सावलीत ठेवून सरळ वरून छायाचित्र काढा. मागची बाजूही काढा. नोंदी आणि शेरे पुष्कळदा तेथेच असतात.