खुर्च्या लावणारा विद्यार्थी

‘एवढे करूनही विद्यार्थी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणजे मीच कुठेतरी कमी पडते आहे.’ आंतरराष्ट्रीय विद्यापीठांत विद्यार्थी समावेशनाची, म्हणजे सर्व विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची, जबाबदारी वाहणाऱ्या प्राध्यापकांकडून आणि कर्मचाऱ्यांकडून ही खंत मी इतक्यांदा ऐकली आहे की, त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. येथे सांगते तो अनुभव एका प्राध्यापिकेचा आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या स्वतः परदेशातून त्या विद्यापीठात आल्या होत्या. अध्यापन आणि संशोधन सांभाळून स्वागत मेळावे, भाषा-सोबती योजना आणि तक्रार निवारण या साऱ्यांचा भार त्यांच्यावर होता. शिवाय रात्री उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदेशांनाही त्या उत्तरे देत. वर्षअखेरीस एका मेळाव्याची छायाचित्रे पाहताना प्रत्येक टेबलाभोवती एकेका भाषेचेच विद्यार्थी बसलेले त्यांना दिसले आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

पहिल्या काही भेटींत त्या केवळ कार्यक्रमांची यादी मांडत आणि प्रत्येकात आपले काय चुकले ते सांगत. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. समोरच्या माणसाला अटी न घालता स्वीकारणे आणि त्याचे जग त्याच्या नजरेने समजून घेणे यावरच बदलाचा पाया उभा राहतो, हे रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले, आणि माझ्या अनुभवाने ते वारंवार पटवून दिले आहे. म्हणून मी घाईने धीर दिला नाही, ऐकत राहिले.

पाचव्या भेटीत त्यांनी एका विद्यार्थ्याचा ओझरता उल्लेख केला. तो प्रत्येक मेळाव्याच्या तासभर आधी येऊन खुर्च्या लावायचा आणि कार्यक्रम सुरू होताच निघून जायचा. ‘फार लाजाळू आहे,’ त्या म्हणाल्या.

‘खुर्च्या लावताना तो बोलतो का?’ मी विचारले.

‘तेव्हा तर पुष्कळ बोलतो. अगदी हसतखेळत.’ हे म्हणता म्हणता त्या थांबल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही ती शांतता मोडली नाही. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘खुर्च्या लावून होईपर्यंत तो आमच्यातला असतो. कार्यक्रम सुरू झाला की आम्ही त्याला पाहुणा करतो.’

‘आणि कार्यक्रमात तुम्ही कुठे बसता?’

‘मी? मी उभीच असते.’ त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षे सर्वांना सामावून घेण्यासाठी झटणाऱ्या या बाईंना स्वतःला तेथे कोणी आपलेसे केले नव्हते, आणि हे त्या प्रथमच मोठ्याने बोलल्या. प्रश्न साधाच होता, पण तो नेमक्या वेळी सुचला याचे समाधान मला आजही आहे.

असे काम करणाऱ्यांना मी आवर्जून सांगू इच्छिते की, निरनिराळ्या लोकांना एका सभागृहात आणल्याने आपोआप जवळीक होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठी चार गोष्टींची गरज दाखवली होती: समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. मेळाव्यात पाहुणा म्हणून बसलेल्या विद्यार्थ्याला यांतले पहिले तीन क्वचितच मिळतात. एखादे काम मिळून पार पाडताना मात्र ते सहज मिळू शकतात. तेव्हा कार्यक्रम कमी करावेत आणि त्यांची आखणी, खर्चाचा निर्णय, अगदी विषयाची निवडही विद्यार्थ्यांच्या मिश्र गटांकडे सोपवावी. आपल्या भाषेच्या मित्रांजवळ बसण्यात वावगे काही नाही. दिवसभर परक्या भाषेत वावरणाऱ्याला तेवढा विसावा लागतोच.

चौथी गोष्ट, म्हणजे संस्थेचा पाठिंबा, तुमच्यासाठीही आहे. अल्पसंख्य गटांतील प्राध्यापकांकडून अशी कामे गृहीत धरली जातात, पण बढतीच्या वेळी ती मोजली जात नाहीत, याकडे मानसशास्त्रज्ञ अमाडो पाडिया यांनी १९९४ मध्येच लक्ष वेधले होते. या कामाचे तास कार्यभारात लेखी नोंदवून घ्यावेत, संदेशांना उत्तर देण्याची वेळ ठरवून ती विद्यार्थ्यांना कळवावी आणि ज्याला मानसोपचाराची गरज आहे त्याला विद्यापीठाच्या समुपदेशन सेवेकडे सोबत घेऊन जावे, कारण प्रत्येकाचा समुपदेशक होणे हे तुमचे काम नव्हे. जिवाला धोका आहे असे वाटल्यास मात्र ठरलेल्या वेळेची वाट न पाहता तातडीची मदत मिळवून द्यावी.

प्राध्यापिकेने विभागप्रमुखांकडे तासांचा विषय काढला, तेव्हा पहिल्यांदा नकार मिळाला. दुसऱ्या शैक्षणिक सत्रात एका तासिकेची सूट मिळाली. खुर्च्या लावणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी पुढच्या मेळाव्याच्या आखणीत घेतले. तो अजूनही कधी कधी लवकर निघून जातो, आणि त्या त्याच्या मागे धावत नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले की, त्या मेळाव्यात त्या वीस मिनिटे खुर्चीवर बसून होत्या आणि त्यांच्यासाठी ती खुर्ची त्यानेच ओढून दिली होती.