पदवीच्या विद्यार्थ्यांनी मानसशास्त्राचं संशोधन नियतकालिक काढावं का?

तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करता. वर्गातल्या काही जणांना मिळून विद्यार्थ्यांचं संशोधन नियतकालिक काढायचं आहे, आणि तुमचे प्रश्न तीन आहेत: आयएसएसएन कसा मिळतो, खर्च किती येतो, आणि आपल्यासारख्या पोरापोरींचं संशोधन कुणी वाचेल का. मी जळगाव जिल्ह्यात शिकले. पदवीला असताना अशाच एका नियतकालिकाच्या संपादक मंडळात होते. आता सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते आणि आमच्या विभागाचा अंक विद्यार्थीच काढतात. तेव्हा अनुभवातून सांगते: काढा, नक्की काढा. पण आयएसएसएन सगळ्यात शेवटी ठेवा.

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक, एवढंच. आतल्या लेखांच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. भारतात तो दिल्लीच्या सीएसआयआर-एनआयएससीपीआर या संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र देतं, तेही मोफत. ‘नंबर काढून देतो, एवढे पैसे लागतील’ असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. ‘केअर लिस्टमध्ये, म्हणजे यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत, येईल का?’ असंही तुम्हाला स्टाफरूममध्ये विचारलं जाईल. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ती यादी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर सोपवली. विद्यार्थ्यांच्या अंकाने त्या शर्यतीत उतरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्चाचं म्हणाल तर ऑनलाइन अंकाला तो जवळजवळ नाहीच. ओपन जर्नल सिस्टिम्स ही प्रणाली फुकट मिळते. लेख मागवणं, परीक्षकाकडे पाठवणं, दुरुस्त्या घेणं, अंक लावणं हे सगळं तिच्यात होतं. फक्त तिला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. कॉलेजात असा कुणी नसेल तर अंकाची पीडीएफ करून झेनोडोवर ठेवा. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेचं ते मोफत भांडार आहे, लेख वेगवेगळे ठेवलेत तर तिथे प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांकही मिळतो. आकडेमोडीला महागडं सॉफ्टवेअर नको, जॅस्प किंवा जामोवी ही मोफत सॉफ्टवेअर पुरे. एका गोष्टीवर मात्र अडून बसा: मजकूर युनिकोडमध्येच घ्यायचा. आपल्याकडे अजून निम्मा मजकूर डीटीपीवाल्याकडून कृतीदेव नाहीतर श्रीलिपी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत येतो. त्याची पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण गुगलवर शोधून कधीच सापडत नाही. सापडणारच नसेल तर वाचणार कोण?

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाने लेखाचं परीक्षण लेख आल्यावर करू नये. माहिती गोळा करण्याआधी करावं.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगते, तर आपल्याकडे प्रकल्प कसा होतो ते आठवा. जानेवारीत विषय ठरतो. गुगल फॉर्म तयार होतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर फिरतो. भरणारे सगळे मित्रमैत्रिणी. मग एक तक्ता, एक आलेख, दोन पानं निष्कर्ष आणि सबमिशन. असा लेख संपादक मंडळाकडे आला आणि परीक्षकाने प्रामाणिकपणे लिहिलं की प्रश्नावलीच चुकीची निवडली आहे, तर लेखकाच्या हाती काय उरतं? फॉर्म भरणारी मुलं पास होऊन गावी गेलेली असतात. परीक्षण कितीही चांगलं असो, त्या लेखकाच्या उपयोगाचं राहत नाही.

म्हणून पहिल्यांदा दोन पानांचा आराखडा मागवा. प्रश्न काय, उत्तर काय येईल असं वाटतं आणि का, माहिती कुणाकडून घेणार, किती जणांकडून, कोणत्या मापनीने, आणि आकडे आल्यावर कोणती चाचणी लावणार. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक तो वाचतील, दुरुस्त्या सुचवतील. आराखडा पक्का झाला की लेखकाला लेखी कळवायचं: ठरल्याप्रमाणे काम केलंत तर निकाल काहीही येवो, आम्ही छापू. ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही. ‘कॉर्टेक्स’ या मोठ्या नियतकालिकाने ती २०१३ मध्ये सुरू केली आणि नंतर अनेकांनी उचलली. तिची गरज का पडली हेही तुमच्या मंडळातल्या प्रत्येकाला माहीत हवं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळच्या अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा येणार नाही असा. पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्क्यांत तसा आला. त्यामागे जी कारणं सांगितली जातात त्यांतलं एक मोठं कारण म्हणजे ‘फरक सापडला’ असे लेखच छापले जात होते, ‘सापडला नाही’ असे कपाटात पडून राहत होते. नवं नियतकालिक काढणाऱ्याला ही खोड पहिल्या दिवसापासून टाळता येते, आणि जुन्या मोठ्या नियतकालिकांपेक्षा तुम्हाला ते सोपं आहे.

आमच्याकडे एका विद्यार्थिनीने वसतिगृहात राहणाऱ्या मुली आणि एसटीने रोज अप-डाऊन करणाऱ्या मुली यांच्या परीक्षेच्या चिंतेची तुलना केली. अप-डाऊनवाल्यांना चिंता जास्त असणार अशी तिची खात्री होती. फरक सार्थक आला नाही. ‘मॅडम, माझा प्रकल्प फसला, लेख मागे घेते,’ असं म्हणत ती आली. पण आराखडा मंजूर होता, त्यामुळे लेख छापायचाच होता. परीक्षकाने तिला एवढंच लिहायला लावलं की एका गटात चाळीसेक मुली असल्या तर बऱ्यापैकी मोठा फरकच पकडता येतो, लहान फरक निसटू शकतो. ‘फरक नाही’ आणि ‘फरक सापडला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, हे तिला वर्गात शिकवून जेवढं कळलं नसतं तेवढं त्या एका वाक्यावर झालेल्या पत्रव्यवहारातून कळलं. तो लेख मला आजही त्या अंकातला सगळ्यात चांगला वाटतो.

परीक्षण कसं लिहायचं हे मात्र शिकवावं लागतं. ‘लेख छान आहे, भाषा सुधारावी’ हे परीक्षण नव्हे. समजा, मोबाईलचा वापर आणि एकटेपणा यांच्यात ६० जणांवर ०.२८ इतका सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचा आकडा) आला आणि लेखकाने लिहिलं, ‘मोबाईलमुळे एकटेपणा वाढतो.’ परीक्षकाने विचारायला हवं: एकटं वाटतं म्हणून मोबाईल जास्त वापरला जात नसेल कशावरून? आणि ०.२८ चा वर्ग केला तर ०.०८ च्या आसपास येतो, म्हणजे एकटेपणातला आठ टक्के फरकच मोबाईलशी जुळतो, बाकीच्याचं काय? असे दोन प्रश्न नीट विचारणारा विद्यार्थी पुढे कुठेही गेला तरी वर्तमानपत्रातली बातमी वेगळ्या नजरेने वाचतो.

नाव झाकून परीक्षण करायचं तर एका कॉलेजात ते जमत नाही. वीस-पंचवीस जणांच्या वर्गात कुणाचा विषय काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. यावर आपल्या भागात सोपा उपाय आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा भाग १९९० पासून एकाच विद्यापीठाखाली आहे, अभ्यासक्रमही एकच. शहाद्याचे आराखडे धुळ्याला पाठवा, धुळ्याचे चोपड्याला. दोन-तीन विभाग मिळून एक अंक काढलात तर लेखही भरपूर येतील. नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्षेत्र प्रकल्प आणि चौथ्या वर्षाचं संशोधन आलंच आहे, ती सगळी मेहनत आज फायलीत बांधून ठेवली जाते.

नैतिकतेची तपासणीही आराखड्याच्या वेळीच होऊ शकते. नंतर तिला काही अर्थ राहत नाही. एफ.वाय.ला बरीच मुलं सतराचीच असतात. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते. सरांनी तासाला प्रश्नावली वाटली आणि तासाच्या शेवटी गोळा केली, तर ती संमती मानता येत नाही, कारण नाही म्हणायची हिंमत कुणाला होणार? उदासीनतेची (डिप्रेशनची) मापनी वापरणार असाल तर आणखी काळजी घ्या. पीएचक्यू-९ फुकट मिळते म्हणून सगळे तीच घेतात, पण तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. कुणी त्यावर ‘अजिबात नाही’ सोडून दुसऱ्या कुठल्याही पर्यायावर खूण केली तर त्याच दिवशी कोण बोलणार, कुठे पाठवणार, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर आराखडा मंजूर करू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी छापा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांच्या मुलाखती घ्यायचा विषय दरवर्षी कुणीतरी आणतंच. हेतू चांगला असतो. तरीही पदवीच्या विद्यार्थ्याने प्रशिक्षणाशिवाय तो करू नये, आणि संपादकाने तसं समजावून सांगावं.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं पुस्तकात वाचतो. खेड्यात तसं होत नाही. ‘यावल तालुक्यातल्या एका गावातली घटस्फोटित अंगणवाडी सेविका’ एवढं लिहिलं की पंचक्रोशीत कुणालाही ती कोण ते कळतं. व्यक्ती-अभ्यास छापताना तालुका काढा, व्यवसाय बदला, वय ढोबळ ठेवा, आणि छापण्याआधी त्या व्यक्तीला मजकूर वाचून दाखवा.

लेखकांच्या नावांबद्दल पहिल्या अंकातच नियम छापा. काम ज्याचं, नाव त्याचं. मार्गदर्शक शिक्षकांचे आभार मानावेत. आराखडा, विश्लेषण किंवा लेखन यात त्यांचा खरा वाटा असेल तरच लेखक म्हणून नाव यावं. हे तोंडी ठेवलंत तर ऐनवेळी विद्यार्थ्याला बोलता येत नाही. नियम छापलेला असला की संपादक त्यावर बोट ठेवू शकतो.

वाचेल कोण, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अमेरिकेत ‘साय ची’ ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची संस्था १९९६ पासून आणि युरोपात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा महासंघ २००९ पासून अशी नियतकालिकं चालवतो, तेव्हा हा प्रकार जगावेगळा नाही. पण माझ्या मते तुमच्या अंकाची खरी गरज दुसरीकडे आहे. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या प्रमुख नियतकालिकांची २००८ मध्ये पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या ९६ टक्के सहभागी व्यक्ती पाश्चात्त्य औद्योगिक देशांतल्या होत्या, आणि जगाची १२ टक्केच लोकसंख्या त्या देशांत राहते. त्या माहितीवर बांधलेली पुस्तकं आपण परीक्षेला पाठ करतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहणारी मुलं, घरात पावरी आणि शाळेत मराठी बोलणारा धडगावचा विद्यार्थी, केळीचा भाव पडल्यावर घरातल्या बोलण्यात होणारा बदल, हे विषय तुमच्या दारात आहेत. पाच पर्यायांची छापील मापनी शाळेत न गेलेल्या माणसाला अहिराणीत तोंडी विचारली तर ती चालते का, एवढं जरी कुणी काळजीने तपासून लिहिलं, तरी तो लेख पुढच्या प्रत्येक संशोधकाच्या कामाचा ठरेल. म्हणूनच अंक मराठीत काढा, सारांश तेवढा इंग्रजीत द्या.

आणि खेड्यातून कुठे संशोधन नियतकालिक निघतं, असं कुणी म्हटलं तर जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर दाखवा. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथून निघणारं तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक देशभरचे विद्वान वाचत, त्यात लिहीत.

वेळापत्रक असं धरा. ऑगस्टमध्ये आराखडे मागवा, दिवाळीच्या सुट्टीआधी परीक्षण संपवा, डिसेंबर-जानेवारीत माहिती गोळा होऊ द्या, मार्चमध्ये अंक. मंडळात एस.वाय.ची मुलं निम्मी तरी हवीत, नाहीतर टी.वाय.ची बॅच गेली की सगळं थांबतं. ईमेल आणि ड्राइव्हचा पासवर्ड कुणा एकाच्या मोबाईलवर नको, विभागाच्या नावाने खातं काढा. पहिल्या वर्षी चार-पाच लेख आले तरी पुष्कळ झाले. आराखडा तपासायचा आमचा तक्ता हवा असेल तर इथेच मेसेज करा, पाठवते. धुळ्या-जळगावकडचे परीक्षक लागले तर तेही बघू.