स्कॅन केलेली स्लाईड उघडायची कशी?

प्रश्न : चोडणच्या खारफुटीच्या मुळांचे रंगवलेले काप बाहेरून स्कॅन करून आणले, पिक्सेल ०.२५ मायक्रॉनचा. फिजी हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर ‘मेमरी संपली’ असा निरोप देतं. एक एमआरएक्सएस (स्लाईड स्कॅनरच्या स्वरूपातली) फाइल तर उघडतच नाही. लॅपटॉप ८ जीबीचा. मुळांतल्या हवेच्या पोकळ्यांचं क्षेत्रफळ मोजायचं आहे. काय करू?
— वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आधी न उघडणारी फाइल. एमआरएक्सएसमधला खरा ऐवज शेजारच्या, त्याच नावाच्या फोल्डरात असतो. तो पेनड्राइव्हवर घ्यायचा राहिला असणार. दोन्ही एकत्र, नावं न बदलता पुन्हा आणा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर चढत नाही; एक्सफॅट करून घ्या.

आता मेमरी. १५ मिलिमीटर बाजूचा चौरस भाग म्हणजे ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल, रंगीत असल्याने उलगडल्यावर जवळजवळ ११ जीबी. रॅम वाढवूनही सुटका नाही, कारण फिजी ज्यावर उभं आहे ते इमेजजे एका प्रतलात, म्हणजे एका सपाट चित्रात, सुमारे २१४ कोटींपेक्षा जास्त पिक्सेल घेत नाही आणि तुमचे आहेत ३६० कोटी. ‘व्हर्च्युअल स्टॅक’ही निरुपयोगी, तो एकेक प्रतल उघडतो, इथे प्रतलच एक.

क्यूपाथ घ्या. ते अशा मोठ्या स्लाईडींसाठीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे आणि पडद्यावर दिसतो तेवढाच तुकडा वाचतं. रिकाम्या फोल्डरात प्रोजेक्ट करून स्लाईडी त्यात ओढा. प्रोजेक्टमध्ये चित्रं नसतात, त्यांचे पत्ते असतात. तेव्हा मूळ फाइली नंतर हलवू नका. इमेज टॅबमध्ये पिक्सेलची रुंदी आली आहे ना, ते पाहा. ती जागा रिकामी असेल तर क्षेत्रफळ चौरस मायक्रॉनऐवजी पिक्सेलमध्ये मिळेल.

पेशी शोधण्याच्या तयार आज्ञेच्या वाटेला जाऊ नका. ती केंद्रकं शोधते, पोकळ्या नव्हे. ‘थ्रेशोल्डर’ वापरा, तो उजळपणाची मर्यादा ठरवून भाग वेगळे करतो; पण त्याआधी मुळाची बाह्यरेषा हाताने आखा आणि मोजणी त्या रेषेच्या आतच ठेवा. पोकळी आणि कापाबाहेरची कोरी काच दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. रेषा नसेल तर काचही पोकळीत जमा होते. रेझोल्यूशन पूर्ण ठेवायची गरज नाही. मोठ्या पोकळ्यांना २ ते ४ मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो, गतीही मिळते. फाटलेला भाग पोकळी म्हणून मोजला जातो, दुमडलेला भाग पोकळी झाकतो, दोन्ही वगळा. एकदा ठरवलेली मर्यादा जतन करून सगळ्या स्लाईडींना तीच लावा. मात्र एखादा काप जाड किंवा गडद रंगला असेल तर ती तिथे फसते, म्हणून प्रत्येक स्लाईडवर नजर टाकाच.

प्रश्न : आमच्या विभागासाठी ओमेरो (सूक्ष्मदर्शकाची चित्रं एका जागी ठेवून सगळ्यांना पाहू देणारं सॉफ्टवेअर) बसवावं का?
— प्राध्यापक, मडगाव

उत्तर : दोनतीन जणांसाठी नको, एक सामायिक हार्डडिस्क पुरे. बरेच जण तीच चित्रं पाहणार, त्यांवर नोंदी करणार, कोणाला काय दिसावं हे ठरवायचं असेल, तरच. त्याला लिनक्सचा सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सांभाळणारा माणूस लागतो. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएसही. बॅकअप डेटाबेस आणि चित्रांचं फोल्डर या दोन्हींचा, एकाच वेळचा घ्या. नुसती चित्रं राखली तर नोंदी, गट आणि परवानग्या गेल्या म्हणून समजा.