साधी पेटी केली तर मंडळी काय म्हणेल?

प्रश्न : काका, सलाम. आमची आई ८३ वर्षांची आहे. अंथरुणाला खिळलीय, पण शुद्ध पक्की आहे. "माझ्यासाठी साधी शवपेटी करा, उगाच पैसे घालू नका," असं तिनं मला बजावून सांगितलंय. दुबईचा दादा मात्र सागवानाचीच पेटी हवी म्हणतो, पॉलिशची, सोनेरी कड्यांची. नाहीतर चर्चची मंडळी नावं ठेवील म्हणतो. बाबांच्याच कबरीत तिला माती द्यायची आहे. आम्ही कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सलाम. आईनं शुद्धीत असताना तोंडानं सांगितलंय, मग दादाचं आणि माझंही मत त्यापुढे दुय्यम. साधीच करा. मी सुतार आहे. सागवान विकून मला चार पैसे जास्त मिळाले असते, तरी हेच सांगितलं असतं.

कुटुंबाची कबर पुन्हा उघडायची असते, हे लोक विसरतात. सागवान मातीत लवकर कुजत नाही. मरीन प्लाय, सनमायका, आतला फोम आणि रेक्झिन तर त्याहून वाईट. साध्या जंगली लाकडाची किंवा पाइनची पाऊण इंची फळी घ्या. अस्तर पांढऱ्या सुती कापडाचं. आईची स्वतःची गोधडी असेल तर तीच खाली अंथरा, विकतची गादी नको. बाबांची कबर उघडता येईल का, हे पाळकसाहेबांना आणि कबरस्थान कमिटीला आत्ताच विचारून ठेवा.

साधी म्हणजे कच्ची नव्हे. पेटीचा जीव तिच्या तळात असतो. तळाची फळी खिळ्यांनी ठोकलेली असेल तर वजनानं खिळे उपसतात, स्क्रूच हवेत. तळाखाली दोन आडव्या पट्ट्या मारून घ्या. पेटी खाली टेकली की त्या फटीतून दोर अलगद ओढून घेता येतात, नाहीतर ते खालीच अडकतात आणि सगळ्यांसमोर ओढाताण होते. तयार पेट्यांच्या सोनेरी कड्या बऱ्याचदा प्लास्टिकवर मुलामा दिलेल्या असतात, शोभेपुरत्या. त्यांना धरून पेटी उचलू नका. खालून हात घाला, खांद्यावर घ्या.

तिसऱ्या मजल्याचं म्हणाल, तर पेटी वर नेऊच नका. जिन्याच्या वळणावर ती उभी-तिरकी करावी लागते, आणि आत आपलं माणूस असताना ते बघवत नाही. पेटी खाली पार्किंगमध्ये ठेवा आणि आईला स्ट्रेचरवर हळूच खाली आणा.

आता मंडळी काय म्हणेल ते. आपल्या नाशकातल्या शरणपूरच्या मिशनच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट दादाला आठवत असेल. गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा. १८७३ साली मिशनरी आणि शोधप्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत खोलवर वारले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना यानंच वाचली. सोबत्यांनी देह मीठ लावून वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचं कापड शिवलं आणि शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा पेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. त्या सालीच्या गुंडाळीला कुणी हलकं म्हटलं नाही.

दादाला खर्च करायचाच असेल तर रात्री आईची देखभाल करणाऱ्या बाईवर करू दे. आईला आज त्याचा उपयोग आहे. आणि त्याला एक काम नेमून द्या : वेळ येईल तेव्हा कबर खणणाऱ्याला पेटीचं माप त्यानं स्वतः कळवायचं. आईच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच जास्त लांबी, रुंदी खांद्यापाशी, आणि ती कड्यांसकट मोजायची. कड्या मापात धरायच्या राहून जातात आणि पेटी कबरीच्या तोंडाशी अडकते.